मुलाखत देताना नोकरी कशी पारखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात भरतीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. टेबलाच्या अलीकडे बसून मुलाखती घेतल्या आणि पलीकडे बसून दिल्याही. नांदेड, जळगाव, सांगलीहून आलेली मुलं-मुली उत्तरांची जोरदार तयारी करून येतात. ‘काही विचारायचंय का?’ म्हटलं की मात्र ‘नाही सर’, ‘नाही मॅडम’ म्हणून उठतात. ज्या ठिकाणी दिवसाचे नऊ-दहा तास काढायचे, त्या जागेची चौकशी तिथेच संपते. याची मला फार हळहळ वाटते, म्हणून नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या खासगी नोकऱ्यांसाठी आहे.

उमेदवाराने प्रश्न विचारले तर आगाऊपणा वाटत नाही का?

चांगल्या ठिकाणी नाही वाटत. उलट, विचारणारा उमेदवार काम गांभीर्याने घेणारा वाटतो. प्रश्न कसा विचारता यावर बरंच अवलंबून आहे. ‘सुट्ट्या किती?’ हा पहिलाच प्रश्न असेल तर समोरचा सावध होतो. तेच कामाबद्दल दोन प्रश्न विचारून झाल्यावर ‘शनिवारचं कसं असतं?’ म्हणालात, तर त्यात खटकण्यासारखं काही नाही.

साध्या, नम्र प्रश्नावरही समोरच्याच्या कपाळाला आठी पडली, ‘आधी सिलेक्ट तर व्हा’ असं ऐकावं लागलं, तर तेही एक उत्तरच आहे. मुलाखतीच्या दिवशी माणसं शक्यतो गोड वागतात. त्या दिवशी जो चिडतो, तो महिनाअखेरीच्या गडबडीत कसा वागेल याचा अंदाज बांधायला वेळ लागत नाही.

नेमकं काय विचारायचं?

माझा सगळा भर याच मुद्द्यावर आहे. ज्याचं उत्तर विशेषणाने देता येईल असं काही विचारू नका. ‘इथलं वातावरण कसं आहे?’ याला ‘खूप छान, मोकळं आहे’ हेच उत्तर येणार. ते सगळीकडे येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. ज्याला उत्तर म्हणून एखादी घटना, तारीख किंवा माणूस सांगावा लागेल, असा प्रश्न विचारा.

‘या जागेवर आधी कोण होतं, ते आता कुठे आहेत?’ हा मला सर्वांत उपयोगी वाटणारा प्रश्न. ‘त्यांना बढती मिळाली, आता दुसऱ्या टीममध्ये आहेत’ असं उत्तर आलं तर उत्तम. ‘जागा नवीन आहे’ हेही ठीक, पण मग काम अजून ठरलेलं नसण्याची शक्यता धरून चाला. ‘ती व्यक्ती जमवून घेऊ शकली नाही’ असं कळलं, तर त्याआधीच्या माणसाबद्दलही विचारा. वर्ष-दीड वर्षात तीन माणसांना ‘जमलं नाही’, तर दोष त्या तिघांत शोधू नये.

दुसरा प्रश्न वेळेचा. ‘वर्क-लाइफ बॅलन्स आहे का?’ असं न विचारता ‘मागच्या आठवड्यात टीममधली मंडळी साधारण किती वाजता निघाली?’ असं विचारा. ‘मागच्या शनिवारी कोण कोण आलं होतं?’ हेही चालेल. समोरचा तुमचा होणारा वरिष्ठ असेल तर त्याला उत्तर माहीत असतंच. त्याने ‘तसं काही फिक्स नसतं, काम असेल तसं’ असं म्हणून विषय बदलला, तर त्याची मनात नोंद घ्या.

तिसरा पगाराच्या तारखेचा. ‘पगार किती तारखेला होतो?’ एवढ्यावर थांबू नका. ‘मागच्या महिन्यात किती तारखेला झाला?’ हेही एच.आर.ला विचारा. लहान कंपन्यांत या दोन उत्तरांमध्ये आठ-पंधरा दिवसांचं अंतर निघू शकतं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देणं कायद्याने बंधनकारक आहे.

चौथा प्रश्न चुकांबद्दलचा. ‘अलीकडे टीममध्ये एखादं काम चुकलं असेल, तेव्हा काय केलंत?’ इथे उत्तरापेक्षा उत्तर देण्याची तऱ्हा बघा. ‘क्लायंटला चुकीची फाइल गेली होती, आता पाठवण्याआधी दोघं तपासतात’ म्हणणाऱ्याकडे काम शिकायला मिळतं. ‘आमच्याकडे चूक खपवून घेतली जात नाही’ हे वाक्य अभिमानाने सांगितलं जातं, पण तिथे माणसं चुका लपवायला शिकतात.

पाचवा: ‘पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय झालं तर तुम्हाला वाटेल की निवड बरोबर होती?’ हे ज्याला सांगता येत नाही, त्याला तुम्हाला कशासाठी घ्यायचंय हेच नक्की ठाऊक नसतं.

सगळे प्रश्न एकाच बैठकीत विचारू नका. वेळेचा प्रश्न वरिष्ठाला, पगाराचा एच.आर.ला, आणि टीममधल्या कुणाशी बोलायला मिळालं तर त्याला ‘तुम्ही इथे किती वर्षं आहात, आणि का टिकलात?’ एवढंच.

ऑफिस किंवा कारखाना बघून काय कळतं?

पुष्कळ कळतं, पण त्यासाठी अर्धा तास आधी पोचायला हवं. घर भाड्याने घेताना आपण नळ सोडून पाणी येतं का ते बघतो, तशीच ही पाहणी.

फाटकापासून सुरुवात करा. वॉचमनला तुमचं नाव कळवलेलं आहे का? चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात उमेदवारांना फाटकाबाहेर उन्हात तासभर उभं करून ठेवणाऱ्या जागा मी पाहिल्या आहेत. आत घेऊन पाणी विचारणाऱ्याही पाहिल्या आहेत. दोन्हीकडे पगार साधारण सारखाच असू शकतो.

आत गेल्यावर मोबाइल खिशात ठेवा. चहा आणणाऱ्या मुलाशी, साफसफाईच्या मावशींशी लोक कसे बोलतात ते ऐका. साहेब दिसले की बोलणं एकदम बंद होतं का? दुपारची वेळ असेल तर माणसं एकत्र डबा खातात की जो तो स्क्रीनसमोर बसून घास उरकतो? स्वच्छतागृहात जाऊन या. महिलांचं स्वच्छतागृह नीट आहे का, त्याला आतून कडी आहे का, की ते बाजूच्या इमारतीत आहे, हे लाजण्याचे प्रश्न नाहीत.

नोटीस बोर्डही वाचा. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी २०१३च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते आणि तिची माहिती ठळक जागी लावावी लागते. कागद आहे का, त्यावरची माणसं अजून नोकरीत आहेत का, हे रिसेप्शनवर सहज विचारता येतं. कारखान्यात सुरक्षेच्या सूचना, शेवटच्या अपघाताची तारीख, हेल्मेट आणि बूट खरोखर घातलेली माणसं, हे सगळं पाच मिनिटांत दिसतं.

एक प्रसंग सांगते. भोसरीतल्या एका लहान युनिटमध्ये मी मुलाखतीला बसले होते. मध्येच साहेबांचा फोन वाजला. पलीकडून प्रेस मशीन बंद पडल्याचं कुणीतरी सांगत होतं आणि दुपारी माल निघायचा होता. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कुणाच्या हाताला लागलं नाही ना?’ मग मेंटेनन्सवाल्याला बोलवा म्हणाले, आणि ग्राहकाला उशीर होईल हे स्वतः कळवतो म्हणाले. फोन मिनिटभराचा होता. त्या जागेबद्दल मला त्याहून जास्त काही विचारायची गरज उरली नाही.

शक्य असेल तर एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास त्या इमारतीसमोरून चक्कर मारा. किती दिवे चालू आहेत, माणसं गप्पा मारत बाहेर पडतायत की मान खाली घालून, हे बाहेरच्या टपरीवर चहा घेता घेता दिसतं.

मुलाखत ऑनलाइन असेल तर?

फाटक आणि नोटीस बोर्ड दिसत नाहीत, पण माणूस दिसतो. मुलाखत घेणारा वेळेवर आला का, उशीर झाल्यावर सॉरी म्हणाला का, तुमचा बायोडेटा त्याने उघडला होता का, की ‘जरा स्वतःबद्दल सांगा’ म्हणून मागे ई-मेल टाइप करत बसला? तुमचा कॅमेरा चालू ठेवायला लावून स्वतःचा बंद ठेवणं मला पटत नाही. शेवटच्या फेरीनंतर ‘एकदा ऑफिसात येऊन टीमला भेटता येईल का?’ असं जरूर विचारा. काम पूर्णपणे घरून करायचं असेल, तर टीममधल्या एकाशी पंधरा मिनिटं फोनवर बोलायला मागा. चांगल्या कंपन्या याला नाही म्हणत नाहीत.

जाण्याआधी कंपनीबद्दल काय तपासता येतं?

बरंच, आणि फुकट. कंपनी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ किंवा ‘लिमिटेड’ असेल तर केंद्राच्या कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची मूळ माहिती मिळते. नोंदणी कधीची, भांडवल किती, संचालक कोण, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा, हे सगळं तिथे आहे. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्या कंपनीची नोंदणी दोन वर्षांपूर्वीची निघाली तर कारण विचारा. कारण खरंही असू शकतं, कारण जुन्या भागीदारी संस्थेची पुढे कंपनी होते.

दुसरी जागा बहुतेकांना माहीत नसते. ई.पी.एफ.ओ.च्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी (पीएफ) सांभाळणाऱ्या केंद्राच्या संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. कंपनीचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरला, ते दिसतं. ‘आमच्याकडे दोनशे लोक आहेत’ म्हणणाऱ्यांचा पीएफ तीसच जणांचा भरला जात असेल, तर बाकीचे कुणाच्या नावावर काम करतात? ठेकेदाराच्या? मग तुम्हालाही तिथेच टाकणार का? हा प्रश्न मुलाखतीत सरळ विचारता येतो: ‘मी कंपनीच्या पेरोलवर (पगारपत्रकावर) असेन की कॉन्ट्रॅक्टरच्या?’ वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. दहा किंवा अधिक माणसं असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ई.एस.आय., म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो.

शॉप ॲक्टची नोंदणी, म्हणजे आपण ज्याला गुमास्ता म्हणतो ती, लहान दुकानांचीच गोष्ट समजू नका. २०२४ साली पुण्यात एका बड्या सल्लागार कंपनीतल्या तरुण सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यानंतर कामगार खात्याचे अधिकारी पाहणीला गेले, तेव्हा त्या कार्यालयाची ही नोंदणी कित्येक वर्षं नव्हतीच असं समोर आलं. मोठं नाव, काचेची इमारत आणि जगभरातल्या शाखा बघून तपासणी सोडून देऊ नका.

ऑनलाइन रिव्ह्यू वाचा, पण पाच तारेवाले आणि एक तारेवाले दोन्ही बाजूला ठेवून मधले वाचा. ज्यात तक्रार नेमकी आहे, कौतुकही नेमकं आहे, तेच कामाचे. कंपनी सोडून गेलेल्या एका माणसाशी दहा मिनिटं बोलायला मिळालं तर त्या सगळ्या रिव्ह्यूंपेक्षा जास्त कळतं. लिंक्डइनवर मराठीतून नम्रपणे विचारलं तरी लोक उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. इंग्रजीत अडखळतो. अशा वेळी मी काय पारखणार?

तुम्हीच सर्वांत चांगलं पारखू शकता. तुम्ही अडखळलात की समोरचा काय करतो ते बघा. तो थांबतो, ‘चालेल, मराठीत किंवा हिंदीत सांगा’ म्हणतो, की हसू दाबत शेजारच्याकडे बघतो? कामासाठी इंग्रजी खरंच लागत असेल तर त्याने तसं स्पष्ट सांगावं आणि किती लागतं तेही सांगावं. परदेशी ग्राहकाशी रोज बोलायचं असेल तर अपेक्षा रास्त आहे. शॉप फ्लोअरवर मराठी माणसांकडूनच काम करून घ्यायचं असताना इंग्रजीवरून कमी लेखणारा माणूस पुढेही तुम्हाला कमीच लेखणार. शब्द अडला तर ‘मला हे मराठीत नीट सांगता येईल’ असं म्हणायला बिलकुल संकोच करू नका.

‘गाव कुठलं तुमचं?’ हा प्रश्नही यातच येतो. बऱ्याचदा तो निव्वळ आपुलकीचा असतो. पण गाव सांगितल्यावर आडनाव, मग ‘म्हणजे तुम्ही नक्की कुठले?’ असं खोदकाम सुरू झालं तर हेतू वेगळा आहे. ‘गाव सांगितलं ना मी, आता कामाबद्दल विचारा’ असं शांतपणे म्हणता येतं. त्यावर जागा गेली तर ती जागा तुमच्या लायकीची नव्हती, असं मी मनापासून सांगते.

‘आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत’ हे चांगलं लक्षण की वाईट?

पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय ठरवू नका. ‘मागच्या वर्षी एकाच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, तेव्हा त्याला महिनाभर सुट्टी दिली आणि त्याचं काम वाटून घेतलं’ असं पुढे आलं, तर शब्दाला आधार आहे. ‘म्हणून इथे कुणी घड्याळ बघत नाही’ असं आलं, तर ओव्हरटाइम मिळणार नाही एवढं समजून घ्या.

लग्न कधी, मूल कधी, असे प्रश्न मुलींना विचारतात. काय उत्तर द्यायचं?

आधी हे लक्षात घ्या की भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला कायद्याने मनाई आहे. २०१७पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते. हा खर्च टाळण्यासाठीच बरेचदा हा प्रश्न येतो.

मुलाखतीत कायदा ऐकवलाच पाहिजे असं नाही. ‘कामाच्या वेळा आणि जबाबदारी मला समजली आहे, ती मी पार पाडेन’ एवढं उत्तर पुरेसं आहे, आणि विषय कामावर परत आणता येतो. तरीही पुन्हा तेच विचारलं, किंवा ‘आमचा मागचा अनुभव वाईट आहे, मुली लग्न झाल्यावर सोडतात’ असं ऐकवलं, तर ती पद्धत रुजू झाल्यावर बदलणार नाही. तुम्हीही एक प्रश्न उलटा विचारा: ‘प्रसूती रजेवरून परत येऊन त्याच पदावर काम करणाऱ्या कुणी आहेत का टीममध्ये?’ असं एक तरी नाव ज्यांना सांगता येतं, तिथे मुलींनी निर्धास्त जावं.

सहा लाखांचं पॅकेज म्हणजे महिना पन्नास हजार ना?

नाही. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. एक हिशेब मांडू. सीटीसी ६,००,००० आणि बेसिक (मूळ पगार) त्याच्या निम्मा, म्हणजे महिना २५,००० धरू. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, वर्षाला ३६,०००. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग (व्हेरिएबल पे) सीटीसीच्या १० टक्के, म्हणजे ६०,०००. विम्याचा हप्ता समजा ६,०००. हे सगळं वजा केलं की ४,८३,५७० उरतात, म्हणजे महिना साधारण ४०,३००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात ३७,१०० च्या आसपास येतात. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना माफ आहे. पीएफ १५,००० पगाराच्या मर्यादेवरच कापला, तर आकडे थोडे बदलतील.

म्हणून ऑफर आली की दोनच गोष्टी मागा: महिन्याच्या पगाराची फोड लेखी, आणि गेल्या वर्षी व्हेरिएबल पे प्रत्यक्षात किती टक्के मिळाला त्याचा आकडा. ग्रॅच्युइटीबद्दलही विचारा. नेहमीच्या नोकरीत ती पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते, मुदतीच्या करारावर असाल तर नव्या कामगार संहितेप्रमाणे एका वर्षानंतर. दोन वर्षांत सोडायचा विचार असेल तर ते चौदा हजार फक्त कागदावर आहेत.

ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून मागतात. सही करावी का?

वाचल्याशिवाय नाही, आणि वाचायला दोन दिवस मागून घ्या. ‘आत्ताच्या आत्ता सही करा’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७ प्रमाणे नोकरी सोडल्यानंतर तुम्ही दुसरीकडे काम करूच नये अशी अट सर्वसाधारणपणे टिकत नाही. पण ठरावीक मुदतीआधी सोडलं तर ठरलेली रक्कम द्यायची, हा वेगळा मुद्दा आहे. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा आणि आधी सोडल्यास दोन लाख रुपये ही अट ग्राह्य धरली. तिथे सरकारी बँक होती आणि भरतीचा खर्चही मोठा होता. तेव्हा ‘बाँडला काही अर्थ नसतो, कर सही’ असं सांगणाऱ्या मित्राचं ऐकू नका. रक्कम किती, मुदत किती, त्या बदल्यात कंपनी खरोखर कोणतं प्रशिक्षण देणार, आणि कंपनीनेच काढून टाकलं तर काय, हे चार मुद्दे कागदावर शोधा.

मूळ गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्र ताब्यात देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, छायाप्रत द्या, मूळ लगेच परत घ्या. सही केलेला कोरा चेक तर मुळीच नको. या दोन्ही गोष्टी मागणाऱ्या जागेवर माणसं पगारासाठी थांबत नाहीत, अडकून थांबतात. इथे मी कुणालाही ‘बघा, विचार करा’ असं सांगत नाही. सरळ उठून या.

नोकरीसाठी डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी मागितली तर?

देऊ नका. खरी कंपनी पगार देते, घेत नाही. लॅपटॉपचं डिपॉझिट, गणवेशाचे पैसे, ‘फाइल चार्ज’ ही सगळी त्याचीच नावं आहेत.

पाच-सहा फेऱ्या झाल्या, वर घरून प्रोजेक्ट करून आणायला सांगितलाय. करावा का?

दोन-तीन तासांत होणारं, नमुन्यादाखल दिलेलं काम असेल तर करा. कंपनीच्या चालू ग्राहकाचं खरं काम आठवडाभर फुकट करून मागत असतील तर ‘याचा वापर होणार असेल तर मानधन मिळेल का?’ असं विचारा. फेऱ्या जास्त असणं वाईटच असं नाही, पण दर फेरीत तोच प्रश्न नव्याने विचारला जात असेल तर आत कुणाचा कुणाला पत्ता नाही, एवढं ओळखा.

प्रवासाचा विचार किती करावा?

वाटतो त्याहून जास्त. मुलाखत सकाळी अकराला असते, म्हणून रस्ता मोकळा मिळतो. हडपसरहून हिंजवडीला किंवा कल्याणहून अंधेरीला जायचं असेल, तर नोकरीच्या वेळेला एकदा खरोखर जाऊन-येऊन बघा. जाऊन-येऊन चार तास लागत असतील तर ते कामाच्या तासांतच मोजा आणि पगार त्याने भागा. कंपनीची बस आहे का, तिचा शेवटचा थांबा कुठे, उशीर झाला तर बस चुकल्यावर काय, आणि मुलींसाठी रात्री घरापर्यंत सोडायची सोय आहे का, हे ऑफर स्वीकारण्याआधीच विचारा.

सगळं नीट आहे, तरी मन तयार होत नाही. मनाचं ऐकावं का?

ऐका, पण त्याला बोलतं करा. मुलाखतीहून परतताना बसमध्येच मोबाइलवर लिहा: नेमकं कुठल्या क्षणी खटकलं? कोण काय बोललं? कधी उत्तर असं सापडतं की ‘तिथे सगळे फाडफाड बोलत होते, मला न्यूनगंड आला’. ती भीती आहे, नव्या जागेची सगळ्यांना वाटते, आणि दोन महिन्यांत जाते. कधी उत्तर असं सापडतं की ‘मॅनेजर बोलायला लागल्यावर शेजारच्या दोघांनी वर बघणंच बंद केलं’. ही भीती नव्हे, हे निरीक्षण आहे, आणि ते सहसा खरं ठरतं.

मनात येतं ते उलट बाजूनेही तपासा. जागा फार आवडली, तर काय आवडलं? काम, माणसं, की कॅफेटेरिया आणि काचेची लिफ्ट?

घरची परिस्थिती अशी आहे की नाही म्हणणं परवडत नाही. मग या सगळ्याचा उपयोग काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि तो रास्त आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झालाय, बहिणीचं शिक्षण चालू आहे, घरचे म्हणतायत ‘मिळालीय ती धर’. अशा वेळी न आवडणारी नोकरी घेण्यात काहीच कमीपणा नाही. पण डोळे उघडे ठेवून घ्या. तुम्हाला आधीच ठाऊक असेल की इथे रोज निघायला रात्रीचे आठ वाजणार, तर तुम्ही क्लासची वेळ सकाळी ठेवाल, खोली जवळ घ्याल, आणि वर्षभरात काय शिकून बाहेर पडायचं ते पहिल्या दिवशीच ठरवाल. न कळता अडकलेला माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. मला काळजी त्याची वाटते.

गरज कितीही असो, तीन गोष्टी स्वीकारू नका: मूळ कागदपत्रं अडकवणं, नोकरीसाठी पैसे देणं, आणि कागदाशिवाय रुजू होणं. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केलं आहे. ‘आधी जॉइन व्हा, लेटर नंतर देतो’ याला ‘लेटर ई-मेलवर आलं की त्याच दिवशी येतो’ असं उत्तर द्या.

रुजू झालो आणि पहिल्याच महिन्यात कळलं की जागा चुकली. आता?

नियुक्तीपत्र काढा आणि प्रोबेशनमधला, म्हणजे कायम होण्याआधीच्या परीक्षेच्या काळातला नोटीस कालावधी बघा. कायम झाल्यावर तो नव्वद दिवसांचा असला तरी प्रोबेशनमध्ये बहुधा पंधरा किंवा तीस दिवसांचा असतो. म्हणजे सोडायचंच असेल तर कन्फर्मेशन व्हायच्या आत ठरवणं सोयीचं. तोवर वरिष्ठाशी एकदा स्पष्ट बोला. सांगितलेलं काम आणि मिळालेलं काम यातला फरक उदाहरण देऊन मांडा. कधी कधी दुसऱ्या टीममध्ये जागा निघते.

न सांगता गायब होऊ नका. पीएफ एकदा भरला गेला की तुमच्या यूएएनवर (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावर) त्या नोकरीची नोंद राहते आणि पुढची कंपनी पडताळणीत ती बघते. राजीनामा ई-मेलने द्या, नोटीस पूर्ण करा, रिलिव्हिंग लेटर (कामातून मुक्त केल्याचं पत्र) आणि शेवटच्या पगाराचा हिशेब लेखी घ्या. पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे का, ते महिना-दोन महिन्यांनी तपासा. पुढच्या मुलाखतीत कारण विचारलं तर ‘कामाचं स्वरूप ठरल्यापेक्षा वेगळं निघालं’ एवढंच सांगा, आणि ते कसं वेगळं होतं याचं एक उदाहरण तयार ठेवा.